हाकोदाते, आठ ते पाच

रविवार, २ मार्च २०२५. लातूर, रूमवर.

दुरुस्ती. याच वहीत ५ जानेवारीला मी लिहिलं आहे की दादाचा दर रविवारी जपानहून फोन येतो. हे चूक आहे. शेवटचा फोन २६ नोव्हेंबर २०२३ला आला होता. त्याला आज सहासष्ट आठवडे झाले.

चूक कशी झाली: दर रविवारी मी चाकूरला घरी जाते. अप्पा दुकानातून जेवायला येतात, हात धुतात आणि टॉवेलकडे बघत विचारतात, आला होता का फोन तुला. मी हो म्हणते. इतक्या वेळा हो म्हटल्यावर वहीतही तेच उतरलं.

खोडलेलं नाही. शिवप्पा आजोबांची शिस्त. दम्यामुळे मी नऊ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलेच नाही. आजोबांनी घरीच शिकवलं. ते म्हणायचे, खोडलं की कागद फाटतो, चूक तिथंच राहते. पुढं तारीख टाक आन् दुरुस्ती लिही. लिहिली. आता मन स्वच्छ आहे.

अप्पांना सांगायचं राहिलं आहे. पण त्याची आता गरज पडणार नाही.

मंगळवार, ४ मार्च.

गरज का पडणार नाही ते लिहायचं राहिलं.

अप्पांचं चाकूरला बियाण्यांचं दुकान. या वर्षी कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं. बक्षीस: जपानची सहल, बोटीवर पाच रात्री, दोन माणसांना. शनिवारी नांदेडला कंपनीची मीटिंग होती. मीच गेले होते. पडद्यावर नकाशा दाखवला. योकोहामाहून निघायचं, पहिला थांबा हाकोदाते. ११ एप्रिल. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच.

हाकोदाते म्हणजे दादाचं गाव. मी हॉलमध्ये उभीच राहिले. मागचे म्हणाले, ओ ताई, खाली बसा की, दिसंना.

अप्पा म्हणाले, माझे गुडघे चालत न्हाईत, तू जा. एक्स-रे मी पाहिलेला आहे. गुडघे ठीक आहेत. खरं कारण असं की शेवटच्या व्हिडिओ कॉलवर अप्पांनी दादाला विचारलं होतं, श्रीशैल, इष्टलिंग दाखव बरं गळ्यातलं. तेवढ्यात दादाचं नेट गेलं. तेव्हापासून अप्पांचं एकच. त्यानं आधी मला फोन करावा.

दोघंही हट्टी. मध्ये मी आहे म्हणून घर चाललंय. आई असती तर एका वाक्यात मिटवलं असतं. मला नऊ तास मिळत आहेत. पुष्कळ झाले.

प्लॅन:
दादाला भेटायचं. इष्टलिंग त्याच्या गळ्यात घालायचं. तिथूनच अप्पांना व्हिडिओ कॉल लावायचा. अप्पांना फोन आलेला असेल, दादाने केलेला असेल, माझं हो खरं झालेलं असेल.

सोमवार, १० मार्च.

इष्टलिंगाबद्दल. ते माझ्याकडे आहे.

आमच्यात प्रत्येकाच्या गळ्यात असतं. चांदीच्या डबीत, पाळण्यापासून ते मातीत जाईपर्यंत. त्याची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास नाही, आणि ते धरणाऱ्या हातांना मांस-मासळी वर्ज्य. दादा २०२२ला जपानला गेला, त्यानंतर दोन दिवसांनी त्याचं माझ्या रूमवर राहिलेलं जुनं जॅकेट धुवायला काढलं तर आतल्या खिशात ते. पांढऱ्या रुमालात गुंडाळून, वर दोन गाठी मारून. बिचारा घाईत विसरला. विमानाची वेळच तशी होती.

तेव्हापासून रोज सकाळी दोन पूजा करते. आधी माझी, मग त्याची. दुसऱ्याची पूजा आपण केलेली चालते का, हे मठातल्या स्वामींना विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर कुणाची ते सांगावं लागलं असतं.

मी शंका सोडवायला बसते त्या कोचिंग क्लासमध्ये आज बायोलॉजीच्या डाउट काउंटरवर एका मुलीने विचारलं, मॅडम, माशाला पापण्या नसतात तर तो झोपतो कसा. म्हटलं, उघड्या डोळ्यांनी. लिहून ठेवण्यासारखं काही नाही, पण दिवसभरात एवढंच नीट बोलले.

रविवार, १६ मार्च. चाकूर.

दादाला मेसेज केला. तारीख, वेळ, बोटीचं नाव, काय काय आणू. दोन टिका आल्या. निळ्या झाल्या नाहीत. ड्यूटीवर असेल.

अप्पा आज दुकानात कुणालातरी सांगत होते, आमचा श्रीशैल बिस्किटाच्या कंपनीत हाय, क्वालिटी बघतो. दादाने फूड टेक्नॉलॉजी केलं आहे. पहिल्या दिवाळीला त्याने बटर बिस्किटांचे दोन डबे पाठवले होते. त्यावरून अप्पांनी ओळखलं. दादा कधी नाही म्हणाला नाही, म्हणजे बरोबरच असणार.

एकदा त्याने गमबुटांचा फोटो टाकला होता. पांढरे, गुडघ्यापर्यंत. मी अप्पांना समजावलं की बिस्किटांच्या कारखान्यात फरशी सारखी धुतात.

रविवार, २३ मार्च.

दादाचा मेसेज आला! जसाच्या तसा उतरवते:

अक्षू, तुमचा ग्रुप सकाळच्या बाजारात येणार का? बोटीपासून चालत जवळ आहे. आलात तर बरं.

बाजार म्हणजे मासळीबाजार, नेटवर पाहिलं. (फोटो बोटाने झाकून फक्त मजकूर वाचला.) किती काळजी करतो. इतक्या लांबून बहिणीला वास सहन होणार नाही याची चिंता. लगेच उत्तर दिलं:

दादा, अजिबात काळजी करू नकोस. तिकडून जावं लागलं तरी मी डोळे मिटून, नाक धरून जाईन. एक मासासुद्धा दिसू देणार नाही. तुझ्या बहिणीवर विश्वास ठेव. आपण एक वाजता लाल विटांच्या गोदामांपाशी भेटू, ती जागा स्वच्छ दिसते.

मंगळवार, २५ मार्च.

दादाचं उत्तर: ठीक.

एकाच शब्दात होकार. पूर्वीपासून असाच आहे.

रविवार, ६ एप्रिल. चाकूर.

धपाटे केले. चाळीस. पीठ दुधात मळलं, आठ दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी पॅकबंद घेतली. जपानीत एक कार्ड छापून लॅमिनेट केलं: मी मांस, मासे, अंडी खात नाही, कृपया माफ करा. क्लासमधल्या सरांनी ॲपवर तपासून दिलं. ते म्हणाले, माफ करा कशाला? म्हटलं, असू दे.

निघताना अप्पांनी काही दिलं नाही. नुसतं म्हणाले, फोटो आण. मी म्हटलं, दादाचा? ते म्हणाले, मग काय बोटीचा आणतीस का? मग म्हणाले, गळा दिसला पायजे फोटोत.

मी हो म्हटलं.

सोमवार, ७ एप्रिल. हैदराबाद विमानतळ.

सोबत संगमेशकाका आणि अंबिकाकाकू आहेत. काका अप्पांचे मावसभाऊ, उदगीरला त्यांचंही बियाण्यांचंच दुकान. अप्पांनी मला त्यांच्या हवाली केलं आहे. बाकी लातूर-नांदेड विभागाचे चौदा डीलर. सगळ्यांना कंपनीची सारखी टोपी. काकांनी तिच्याखाली मंकी कॅपही घातली आहे. इथे चाळीस डिग्री आहे. काका म्हणाले, सवय करून राहिलो.

सिक्युरिटीत माझ्यापाशी मशीन वाजलं. गळ्यात दोन डब्या. आतल्या बाईंनी विचारलं, ये दो कायकू? मी म्हटलं, एक भाई का है. त्या म्हणाल्या, भाई का है तो भाई के गले में होना ना. मी म्हटलं, वहीच देने जा रही हूं.

अंबिकाकाकू मागेच होत्या. त्यांनी ऐकलं नसावं. त्या तेव्हा चपला घालत होत्या.

बुधवार, ९ एप्रिल. बोटीवर.

बोट म्हणजे अकरा मजली हॉटेल. हलत नाही म्हणतात. हलते.

बुफेत तीन वेळा कार्ड दाखवलं. तिसऱ्यांदा वाढणाऱ्या मुलाने माझीच माफी मागितली आणि उकडलेला बटाटा दिला. काका म्हणाले, एवढी मोठी बोट, लई खर्च केला असंल, पन फोडणी न्हाई. त्यांनी खिशातून लसणाची चटणी काढली. चौदा डीलर आमच्या टेबलाभोवती जमले.

गुरुवार, १० एप्रिल. समुद्रात.

उलटी दोनदा. आलेपाकाच्या सात वड्या. दादाला मेसेज: उद्या एक वाजता, लाल गोदामं, मी निळी शाल. अंगठा आला.

उद्या काय बोलायचं त्याची तयारी केली. पहिलं वाक्य: दादा, तू काहीतरी विसरला होतास. मग डबी काढायची. तो हसेल. आरशात तीनदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा बोट हलली.

शुक्रवार, ११ एप्रिल. पहाटे ५.४०

खिडकीतून डोंगर दिसतो. वर थोडा बर्फ. दोन्ही पूजा झाल्या. दादाची जरा जास्त वेळ केली, आजची शेवटची म्हणून.

सकाळी ९.५०

बाजार झाला. प्रोग्रॅममध्येच होता, कंपनीचा बॅनर धरून फोटो काढायला. चौदातले निम्मे शाकाहारी, पण छापलेला प्रोग्रॅम बदलत नाही म्हणे.

मी शब्द पाळला. गेटवर डोळे मिटले, रुमाल नाकाला, काकूंच्या पदराचं टोक हातात. पाण्याचा आवाज येत होता. जिवंत माश्यांचं टाकं आहे म्हणे, लोक गळ टाकून पकडतात आणि तिथले कामगार लगेच कापून देतात. काका सांगत होते. मी मध्येच शंभरपासून उलटे आकडे मोजत होते.

टाक्यासमोर बॅनर धरला. टूर मॅनेजर काकांच्या मोबाइलवर फोटो काढत होता. माझे डोळे मिटलेले, म्हणून परत. परत. परत. काका ओरडले, अगं ए अक्षरा, डोळे उघड ना बाई, कंपनीला पाठवायचाय, आंधळी पोरगी धरून आणली म्हनतील. काकू म्हणाल्या, अय्यो, राहू द्या की तिला. काका म्हणाले, आता हा आठवा हाय, बाकीच्यांचे हात दुखून राहिले.

तेव्हा मी ठामपणे सांगितलं. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला हे बघायचंच नाही काका, मला शिसारी येते, ही माणसं हात तरी कसे घालतात यात.

एरवी मी चारचौघांत बोलत नाही. स्वतःचा अभिमान वाटला. एकूण अकरा फोटो झाले. अकराही वेळा डोळे मिटलेले. दादाला सांगितलं तर खूश होईल.

दुपारी १२.१०

लाल गोदामांपाशी. लवकर आले. वारा असा की कानात सुया. बाकं आहेत, समोर बंदर. ग्रुप केबल कारने डोंगरावर गेला. काकू माझ्याजवळ थांबल्या. म्हणाल्या, डोंगर काय, आमच्या उदगीरकडच्या हत्तीबेटासारखाच असंल.

दुपारी १.२०

कारखाना लांब असेल. ट्राम इथे हळू चालते, मी स्वतः पाहिलं.

दुपारी २.१५

जेवणाची सुट्टी दोनची असेल. मी एक कशावरून धरलं?

दोन कॉल केले. वाजतो, उचलत नाही. म्हणजे गाडी चालवत असेल. काकूंनी विचारलं, त्याला गाडी येते का गं? मला माहीत नाही.

दुपारी ३.२५

इथे लाल गोदामं एकाहून जास्त आहेत! ओळीने पाच. आम्ही सगळ्यांना चक्कर मारली. दोन वेळा. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे, खरा.

दुपारी ४.०५

धपाट्यांची पुडी सोडली. अप्पा विचारणार, किती खाल्ले. दादा नेहमी सहा खातो. मी सहा खाल्ले. थंड झाले होते, चावताना दात दुखले. आता सहा धपाटे संपले हे वाक्य खरं आहे.

काकू बघत होत्या. बाटलीतलं पाणी दिलं आणि माझ्या गळ्यातल्या दोन्ही दोऱ्यांवरून शाल नीट केली.

संध्याकाळी ६.३०. बोटीवर.

साडेचारला आत घेतात. मी शेवटची चढले. बोट सुटताना धक्क्यावर लोक रंगीत झेंडे हलवत होते, तशी पद्धत आहे. मी प्रत्येक चेहरा पाहिला. दादा नव्हता.

नोंद: दादा आला नाही.

शनिवार, १२ एप्रिल.

दादाचा मेसेज: सॉरी अक्षू. सुट्टी मिळाली नाही. नीट जा. थंडीत कान झाकत जा.

बघा. सुट्टी मिळाली नाही. मी उगीच काय काय मनात आणलं. माझ्या कानांची आठवण त्याला अजून आहे.

(मला कान झाकायची सवय नाही हे त्याला माहीतच आहे, लहानपणापासून. काल झाकले नव्हते.)

गुरुवार, १७ एप्रिल. चाकूर.

पोचले. त्रेचाळीस डिग्री.

अप्पा स्टँडवर आले होते, दुकान सोडून, चालत. गुडघ्यांचं बोलले नाहीत. घरी आलो. हात धुतले. टॉवेलकडे बघत म्हणाले, भेटला?

मी हो म्हटलं.

मग जे झालं ते क्रमाने लिहिते. कसा दिसतो? म्हटलं, बरा. वाळला का? म्हटलं, थोडा. धपाटे? म्हटलं, सहा संपले. अप्पा हसले. दीड वर्षात पहिल्यांदा. फोटो? म्हटलं, थंडीने मोबाइल बंद पडला. (थंडीने बॅटरी उतरते, हे शास्त्रीय सत्य आहे.)

गळ्यात होतं का?

दोन्ही डब्या माझ्या ओढणीखाली होत्या. मी म्हटलं, हो अप्पा, गळ्यात होतं.

हेही वाक्य तसं पाहिलं तर खोटं नाही.

संध्याकाळी अप्पांनी पेढे वाटले.

रविवार, २० एप्रिल.

काकांनी सहलीला गेलेल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकले. दोनशे बारा. बाजारातले अकराही. खाली लिहिलंय, कुंभकर्णाची बहीण. तेरा डीलरांनी हसून घेतलं.

पाहिले. मागे टाक्यापाशी कामगार उभे आहेत. त्यातला एक आपल्याकडच्यासारखा वाटतो. नेपाळचा असेल. तिकडे पुष्कळ नेपाळी कामाला आहेत असं वाचलं आहे. मोठा करून पाहिला नाही. मासे दिसले असते.

गुरुवार, २४ एप्रिल.

अंबिकाकाकूंचा फोन. इकडचं तिकडचं बोलल्या. ठेवताना म्हणाल्या, अक्षरा, ते फोटो बघितलीस का गं नीट? म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, बरं. मी तुझ्या अप्पांस्नी काय बोलले न्हाई, यव्वा. तुझं तू बघ.

काय बोलायचं होतं त्यांना, कळलं नाही.

ठरवलं: बसव जयंतीला अप्पांना खरं सांगायचं. तेवढंच, की दादा भेटला नाही, सुट्टी मिळाली नाही. दिवस चांगला आहे. ३० तारीख. पक्कं.

बुधवार, ३० एप्रिल. बसव जयंती.

मिरवणूक झाली, प्रसाद झाला. अप्पा आज पांढऱ्या शर्टात. ओळखीचे दहा-बारा जण ओट्यावर बसले होते आणि अप्पा माझं हाकोदाते सांगत होते. बर्फाचा डोंगर. दादा ट्रामनं आला. सहा धपाटे उभ्या उभ्या खाल्ले. उभ्या उभ्या हे मी सांगितलं नव्हतं, ते अप्पांनी घातलं.

सगळे गेल्यावर मी म्हटलं, अप्पा, एक बोलायचं होतं. ते म्हणाले, थांब, आधी हे बघ. कपाटातून पुडी काढली. नवा दोरा, पांढरा, घट्ट वळलेला. त्यांनी स्वतः बसून वळला होता. म्हणाले, पोस्टानं पाठव. तीन वर्षं झाली, जुना दोरा झिजला असंल त्याचा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, मी लई टोचून बोललो त्या दिवशी फोनवर. लेकरू एवढ्या लांब ऱ्हातं, आन् मी गळा तपासून राहिलो. मी सवताच करीन त्याला फोन. पुढच्या रविवारी तू आलीस की लावून दे. तवर काय बोलायचं ते ठरवतो.

मग म्हणाले, तुझं काय होतं?

मी म्हटलं, काही नाही, बसचं टायमिंग बदललंय.

शुक्रवार, २ मे. लातूर, रूमवर. दुपार.

दुरुस्ती.

११ एप्रिलला मी लिहिलं आहे, दादा आला नाही. हे चूक आहे.

आज अकरा फोटो एकेक करून मोठे केले. मासे दिसले. करड्या रंगाचे, काचेसारखे, डोळे उघडे. पाहून काही झालं नाही.

पहिल्या फोटोत तो टाक्याच्या पलीकडे आहे. निळा रबरी एप्रन, पांढरे गमबूट. एप्रनच्या आत मरून स्वेटर, आईने गांधी चौकातल्या तिबेटी लोकांच्या स्टॉलवरून घेतलेला. केस ओले करून नीट भांग पाडलेला आहे. कामावर कुणी असा भांग पाडत नाही.

तिसऱ्यात तो टाक्याच्या अलीकडे आला आहे. हसतो आहे. पाचव्यात हातमोजे काढलेत. सहाव्यात माझ्या मागे, दोन हातांवर. सातव्यात एका बाजूला वाकून माझं तोंड पाहायचा प्रयत्न करतो आहे. आठव्यात त्याने हात उचलला आहे. माझ्या खांद्यापासून वीतभर लांब. लहानपणी मागून येऊन खांद्यावर टिचकी मारायचा, तसा.

आठवा फोटो चालू असताना मी काय बोलले ते ११ तारखेच्या पानावर आहे. मराठीत बोलले होते. त्या बाजारात ते कळणारे आम्ही सतरा जण होतो असं मी धरून चालले होते. अठरा होतो.

नवव्यात हात खाली आहे. त्या हाताकडेच तो बघतो आहे. दहाव्यात पाठ. अकराव्यात फक्त टाकं.

सुट्टी मिळाली नाही असं त्याने लिहिलं. आलात तर बरं, असंही त्यानेच लिहिलं होतं. मी यावं असं त्याला हवं होतं. पाहावं. फोनवर सांगता येत नव्हतं, म्हणून दाखवणार होता. मी त्याला कळवलं की मी डोळे मिटून येईन. तरी त्याने भांग पाडला.

थंडीत कान झाकत जा. त्याला माझे कान दिसले होते.

दुसरी दुरुस्ती. १० मार्चला लिहिलं की तो इष्टलिंग घाईत विसरला. चूक. विसरणारा माणूस रुमालात गुंडाळून दोन गाठी मारत नाही. आपले हात कशात जाणार आहेत ते त्याला निघतानाच माहीत होतं. तिथे त्याला ते न्यायचं नव्हतं. माझ्या रूमवरच्या जॅकेटमध्ये ठेवलं, कारण मी ते धुवायला काढणार, हेही माहीत होतं.

तिसरी. १७ एप्रिलची सगळी वाक्यं खोटी आहेत. सहा धपाट्यांचंही.

दादाला मेसेज लिहिला. चार वेळा लिहिला. शेवटी एवढाच पाठवला: दादा, मी आज डोळे उघडून पाहिलं. आठव्या फोटोत तू छान दिसतोस. दोन टिका. अजून निळ्या नाहीत.

आता ठरवलेलं. यात बदल नाही.

रविवारी सकाळी आठ वाजता, इथल्या मासळीच्या गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. रुमाल न घेता. मध्ये आकडे मोजायचे नाहीत. विकणाऱ्यांच्या हातांकडे बघायचं. मग दहाची बस, चाकूर. अप्पा जेवायला येतील, हात धुतील, टॉवेलकडे बघतील. या वेळी बहुतेक मोबाइलकडे बघतील. म्हणतील, लावून दे. लावायच्या आधी आठवा फोटो उघडून त्यांच्या हातात द्यायचा. म्हणायचं, अप्पा, सहासष्ट आठवड्यांचं आणि त्यानंतरच्या नवांचं मी खोटं सांगितलं. हे बघा. यात गळा दिसत नाही, हात दिसतो.

तारीख पुढं टाकून ठेवते: रविवार, ४ मे २०२५.